ट्राउटचा हंगाम संपायच्या आत

जुनीन दे लोस आंदेस,
६ मार्च

ती. देल्फिनाताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल. डाव्या हाताने लिहितोय. जानेवारीतल्या झटक्यानंतर पाय सावरला, जीभही सावरली (इर्माच्या मते जरा जास्तच), पण उजवा हात परक्याचा असल्यासारखा लटकून असतो. चिमटा काढला तरी कळत नाही.

पानगळ जवळ आली. आता मोठ्या तपकिरी ट्राउट अंडी घालायला सरोवरातून नदीत चढतील. इतकी वर्षं याच दिवसांत मासेमारीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी पाण्यात उभा असायचो. यंदा नदीवर गेलो नाही, जाणारही नाही. गळाच्या काठ्या आणि आमिषाच्या पिसांच्या माश्या कुणाला तरी देऊन टाकतो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
रोसेंदो

बाहिया ब्लांका,
१९ मार्च

चि. रोसेंदोस,
अ. उ. आशीर्वाद.

काठ्या घराबाहेर गेल्या तर याद राख. बाबांनी काठी तुझ्या हातात दिली आणि मला मासे साफ करायला बसवलं. जन्मभर खवले काढले; आता मला मासा पकडायचाय. हात माझा, अक्कल तुझी. नेमाची काळजी नको. शाळेत खडू फेकून मारले, त्यात शेवटच्या बाकावरचेही सुटले नाहीत.

एप्रिलमध्ये बसने येते.

कान धरायचा हक्क राखून,
तुझी ताई

बाहिया ब्लांका,
२६ एप्रिल

चि. सौ. इर्मास,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. नदीवरून आल्यावर तुझा नवरा तुला एवढंच म्हणाला, की वारा फार होता. मलाही गप्प बसायला सांगितलंय, म्हणूनच लिहितेय.

आधी माझी माशी झुडपात अडकली, मग त्याच्याच कोटात. तो काठावर बसून करवादायचा, की अगं, हा खडू नाही, अलगद सोड. शेवटच्या दिवशी सरोवराच्या तोंडाशी मासा लागला. काठीची कमान झाली, मी घाबरले, तर हा बुटांसकट पाण्यात. ओढू नकोस, पळू दे तिला, म्हणत कमरेइतक्या पाण्यात माझ्याशेजारी उभा राहिला.

हातभर लांब ट्राउट, अंड्यांनी भरलेली. सोडूया म्हणाला. पण दमलेल्या माशाला दम येईपर्यंत प्रवाहात धरावं लागतं, आणि एका हाताने ती आवरेना. मग त्याने डाव्या हाताने उजवा उचलला आणि तिच्या पोटाखाली ठेवला. बऱ्याच वेळाने ती शेपूट झटकून गेली. हा मात्र तसाच वाकलेला. गारठशील, चल, म्हटलं, तर हळूच म्हणाला, ताई, या हाताला गार लागतंय.

मग रडला. मी नदीकडे बघत राहिले.

त्याला कळू देऊ नकोस. तुम्हा दोघांची,
देल्फिना

जुनीन दे लोस आंदेस,
२ मे

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्र दडवून ठेवलंय. डॉक्टरांना गुपचूप विचारलं. म्हणाले, जाणीव परतली ही चांगली खूण आहे; पुढचं हळूहळू, पण वचन देत नाही.

काल हंगामाचा शेवटचा दिवस. हे काठी उचलून निघाले, म्हणून मी ‘माते’ चहाचा थर्मास घेऊन मागोमाग गेले. डाव्या हातात काठी, उजव्याच्या बोटांत गळाची दोरी. ती निसटायची, ते पुन्हा बोटांत घालायचे. ऊन डोंगराआड गेलं तरी हेच चाललेलं. घरी चला असं मी एकदाही म्हटलं नाही.

मासा काही मिळाला नाही. परतताना म्हणाले, नोव्हेंबरात नदी पुन्हा उघडेल; तोवर दोरी धरायला शिकला नाही, तर या हाताची धडगत नाही.

तेव्हा याच. तुमच्या वाटेकडे डोळे लावून,
इर्मा