पंगतीबाहेरचा चौबे

आग्रा, कार्तिक शु. ३

ती. लाडलीभैयांस शि. सा. न. वि. वि.

इकडे स्वाइन फ्लूची साथ जोरात आहे. माझे डॉक्टर दीर म्हणतात, स्थूल माणसाला हा ताप लवकर छातीत जातो आणि मग श्वास पुरत नाही. तुम्ही हसण्यावारी न्याल, म्हणून स्पष्टच लिहिते. यंदा सेठजी आपल्या चौबे बिरादरीला घालतात त्या पंगतीला पैजेने जेवायला जाऊ नका. खांद्याला खांदा लावून बसायचे हे दिवस नाहीत.

तुमची कुंजलता

मथुरा, कार्तिक शु. ८

चि. सौ. कुंजलतेस अ. उ. आ.

तुझ्या दिरांच्या न्यायशास्त्रात माझे पोट हा हेतू आणि ताप हे साध्य. अनुमानाला आता दृष्टान्त तेवढा हवा, आणि तो व्हायची माझी तयारी नाही. तेव्हा पंगत टाळली. पण सेठजींचे आमंत्रण रिकामे कसे जाऊ द्यायचे? माझ्या जागी आपला चुलतभाऊ छैलू गेला. मुनिमाने त्याला दारातच विचारले म्हणे, की हा चौबे आला की चौब्याची सावली. असो. काडीसारख्या माणसाला ताप काय करणार?

तुझा भैया

मथुरा, कार्तिक पौर्णिमा

चि. कुंजलते,

माझा तर्क बुडाला. छैलू तापाने फणफणला आहे, धापही लागते. तुझे दीर फोनवर म्हणाले, की वजन पाहून ताप कुणाला जड जाईल ते कळते, कुणाला गाठेल ते घर पाहून. छैलूच्या घरी एका खोलीत आठ माणसे निजतात आणि खिडकी उघडते ती शेजाऱ्याच्या भिंतीवर. औषध चालू आहे, पण त्याला मोकळ्या हवेत वेगळे ठेवायला हवे, नाहीतर पोरेही अंथरूण धरतील.

घाटावरची माझी माडीवरची खोली त्याला दिली. त्याची बायको ब्रजरानी आधी ऐकेना. म्हणाली, जेठजी, तुम्हाला काही झाले तर उचलायला चारजण पुरायचे नाहीत.

मी खाली घाटाला बांधलेल्या नावेत राहतो. धुक्यात घाट विरघळतो, नुसती घंटा उरते. नाव हलते की मथुरा, कळत नाही. नावेचा केवट बजावतो, की पंडितजी, मधोमध निजा आणि स्वप्नेही मधोमधच पाहा. स्वप्नात यमुना वर खिडकीपर्यंत चढते आणि छैलूचा श्वास ऐकून परत येते. जागेपणी मला तेवढेही जमत नाही.

तुझा भैया

आग्रा, कार्तिक व. ४

ती. भैयांस सा. न. वि. वि.

थंडी आहे, दोन रजया घ्या. आणि त्याला पाहायला जिना चढू नका. तुमचे मन मला ठाऊक आहे, म्हणून हात जोडते.

कुंजलता

मथुरा, कार्तिक व. ९

चि. कुंजलतेस अ. उ. आ.

जिना चढलो नाही. काल सेठजींनी ताट घाटावर धाडले. पंगतीबाहेर जेवणारा चौबे यमुनेने प्रथमच पाहिला असेल. शेजारी आग्रह करणारा कुणी नाही, पैजेला कुणी नाही. चार पुऱ्यांतच हात थांबला. इतकी वर्षे जेवत होती ती पंगत, मी नुसता तिथे बसत होतो, असे वाटले.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. शालीत गुंडाळलेला छैलू. इतके दिवस आल्याच्या पाण्यावर होता. बारीक आवाजात म्हणाला, की भैया, असे चिमणीसारखे खाऊन बिरादरीचे नाक कापता काय. मग म्हणाला, एक पुरी वर येऊ द्या.

ब्रजरानीने टोपली सोडली, मी तीत पुरी ठेवली. तो एक घास घेई, मी खाली एक पुरी. बराच वेळ चावत राहिला. मग टोपली पुन्हा खाली आली, रिकामी.

लोभ आहेच, तो माझ्या देहासारखा वाढत राहो.

तुझा भैया