हक्कसोडीवरची सही

आई, उद्या सांगलीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. तू गेलीस त्या वर्षी दावा लावला, तो पंधरा वर्षांनी आत्ता कुठं साक्षीला आला. तुझ्याच न्यायखात्याची चाल, तुला काय सांगायचं? तासगावच्या द्राक्षबागेतला माझा हिस्सा मागतेय, दादाकडं. नवरा सोडून गेला, सासरचं दार बंद झालं, भाड्याच्या खोलीचा मालक दिवाळीपर्यंत थांबतो म्हणालाय. पुढं कुठं जायचं ते मला खरंच माहीत नाही.

माझे वकील उद्या तुझाच निकाल वाचणार आहेत. ह्याच कोर्टात तू वकिली सुरू केलीस तेव्हा बाईला बसायला खोली नव्हती, जिन्याखाली बसून डबा खायचीस. आपल्या भागातून हायकोर्टात न्यायमूर्ती झालेली पहिली बाई तू. घटनेतली समानता घरातसुद्धा लागू आहे, हक्कसोड पत्रावर बहिणीची सही दिसली म्हणून तिची मर्जी धरून चालू नये, असं तू लिहिलंस आणि मामांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू म्हणालीस, भाऊबीजेला बोलतील. बोलले नाहीत.

आणि माझ्या हक्कसोड पत्रावर साक्षीदार म्हणून सही कुणाची, तर तुझी. दादाचे वकील तो कागद नाचवतात. माझे म्हणतात, एवढंच सांगा, आईनं दबाव आणला. मीही इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेय, लेकीलासुद्धा. तिला म्हणायचे, कोर्टात एक नि घरात एक, अशी होती तुझी आजी.

तसं नव्हतं. सहीच्या आदल्या दिवशी तू दादाला बागेत पिटाळलंस, बेदाण्याच्या शेडचं दार लोटलंस आणि मला समोर बसवलंस.

"आता आई न्हाई, जज्ज इचारतीया. खुशीनं सोडतीयास?"

मी व्हय म्हणाले. तू तीनदा विचारलंस. "नसंल तर आत्ता सांग, मी हाय," म्हणालीस. माझं तेव्हा बरं चाललं होतं, माहेर तुटू नये एवढंच डोक्यात होतं, आणि तुझ्यासमोर हावरट दिसायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सही करताना तुझा हात थांबला. मी पाहिलं आणि गप्प बसले.

खरं बोलले तर हिस्सा गेला, खोटं बोलले तर तुझं नाव. तुला लिहिलेला हा कागद आज जाळावाच लागेल, दादाच्या वकिलांना मिळाला तर संपलं. सकाळपासून दोन्ही जबाब मोठ्यानं म्हणून बघतेय, आई. खोटा जास्त सरळ येतोय.