इवामोतोंचा शिक्का

हारिमा, २९ ऑक्टोबर २०१७

ती. कायोकोताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले भोपळे गुरुवारी पोचले. एक दोन किलो शंभर ग्रॅम भरला, दुसरा एक किलो नऊशे चाळीस. चिठ्ठीत तू दोन्ही 'दोन-दोन किलोचे' लिहिलं होतंस म्हणून कळवलं. गोड आहेत.

आपल्या कारखान्याचं नाव पेपरात आलं ते ओतारूपर्यंत पोचलं असेलच. मोठे साहेब टीव्हीवर माफी मागत बारा सेकंद वाकून उभे होते. मी घड्याळ लावून पाहिलं. कोन मात्र तीस अंशांच्या वर गेला नाही. गेली पाच वर्षं रेल्वेच्या डब्यांच्या स्प्रिंगा परीक्षा पास नसलेल्या माणसांनी तपासल्या आणि पत्रकावर पास झालेल्या निरीक्षकाच्या नावाचा शिक्का मारला, असा आरोप आहे. तो शिक्का माझा.

दचकू नकोस, क्रमाने सांगतो. २०१२ साली माणसं कमी केली तेव्हा त्रेपन्नाव्या वर्षी मी बाहेर पडलो. तीन पास निरीक्षकांपैकी दोन उरले, काम तेवढंच. माझ्या हाताखाली तयार झालेला नोगामी परीक्षेला बसणार होता. शेवटच्या दिवशी मी माझा शिक्का त्याच्या हातात ठेवला आणि म्हटलं, पास होईपर्यंत वापर. पुढे कारखान्याने माणसं परीक्षेला पाठवणंच बंद केलं. शिक्का चालू राहिला. आता चौकशीला वकिलांची समिती बसली आहे आणि सगळं नोगामीच्या गळ्यात येतंय. चव्वेचाळिशीचा माणूस, दोन मुली शाळेत. त्याला काढणार असं सगळे धरून चाललेत.

गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात रोज शोकसभा भरते. म्हातारे हामादा तुला आठवत असतील, आपल्याकडचे सगळ्यात जुने निरीक्षक, आता ऐंशी पुरी झाली. ते गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून बजावतात की देश बुडाला, आजच्या पोरांना हाताला तेल लागलेलं चालत नाही, आमच्या वेळी कोणी असं केलं असतं तर गावात तोंड दाखवलं नसतं. माझ्याबद्दल म्हणाले, इसामूचा गुन्हा एवढाच की तो भोळा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोक्यावरचा साबण काढला आणि बाहेर आलो.

समितीने मला २० नोव्हेंबरला बोलावलंय. त्याआधी तुला एक विचारायचं आहे, पण आधी धीर गोळा करतो.

भाची मिहोकोला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा
इसामू

ओतारू, ५ नोव्हेंबर

चि. इसामूस,
ताईचे अ. उ. आ.

भेट आलेला भोपळा तोलून घेणारा भाऊ अख्ख्या जपानात मला एकटीलाच मिळाला असावा. पुढच्या खेपेला पावती जोडीन.

पेपर वाचला. जावईबापू जेवताना तेच घेऊन बसतात. टीव्ही कोरियावाल्यांनी नेले, बाकीचं सगळं चीनने, आपल्याकडे एक सचोटी होती तीही गेली, आता हा देश घसरणीला लागला. मी म्हटलं, देश घसरेल तेव्हा घसरेल, पायऱ्यांवरचा बर्फ आधी काढा, नाहीतर पहिली मी घसरेन. मिहोको हसली, ते नाही हसले. पण बर्फ काढला.

आमच्या घरात तुझ्या दाजींचा भाव फार वाढला आहे बघ. जावईबापूंनी दाजींचं कारखान्याचं मानपत्र आतल्या खोलीतून काढून जेवणाच्या खोलीत लावलं. म्हणतात, हा खरा जपानी कामगार. नात रिहो शाळेत 'माझे आजोबा' यावर निबंध लिहिते आहे. आजोबा गेले तेव्हा ती तीन वर्षांची होती, म्हणून मला विचारून विचारून लिहिते. तूही काही आठवणी कळव.

वकिलांचं म्हणशील तर फार विचार करू नकोस. शिक्का टेबलाच्या खणात विसरलो म्हणून सांग. तुझ्याकडून काही विसरलं जाईल यावर तुला ओळखणारं कोणी विश्वास ठेवणार नाही, पण वकील कुठे ओळखतात?

गरम कपडे घालत जा. माझी काळजी करू नकोस, माझी आठवण करत जा.

तुझी ताई
कायोको

हारिमा, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धीर गोळा झाला असं नाही, पण तारीख जवळ आली.

मी शाळा अर्धवट सोडलेला. परीक्षेला बसायला अशा माणसाला पंधरा वर्षांची नोकरी लागे, म्हणून १९९० पर्यंत मला बसता आलं नाही. धातूशास्त्राची पुस्तकं वाचनालयातून आणून पाठ केली होती, पण पाठांतराला शिक्का मिळत नाही. अठ्ठ्याऐंशी साली काम इतकं आलं की दोन पास निरीक्षकांना स्प्रिंगा नुसत्या मोजायलाही वेळ पुरेना. तेव्हा दाजींनी मला बाजूला घेऊन त्यांचा शिक्का दिला. मार्च १९८८ ते मार्च १९९०, पंचवीस महिने, मी तपासलं आणि 'इवामोतो' असा शिक्का मारला. पत्रकं सात हजार चारशे अठरा. माझ्या डायरीत रोजचा आकडा आहे. एकही स्प्रिंग मी न मोजता सोडली नाही. पण कागद खोटे होते, आणि नोगामीच्या कागदांइतकेच खोटे होते. त्याला शिक्का देताना मला काही वावगं वाटलं नाही, कारण मला तो असाच मिळाला होता.

समितीची मांडणी कानावर आली आहे. देशाची भरभराट होती तोवर सगळं चोख. मग पैसा आटला, नवी पिढी आली आणि २०१२ पासून कीड लागली. ही मांडणी टिकली तर नोगामी ही कीड ठरतो. मी डायरी पुढे केली तर ती टिकत नाही. पण मग अहवालात दाजींचं नाव येतं.

ते तुझं माणूस. तू नको म्हणालीस तर मी बोलणार नाही. उत्तर वीस तारखेच्या आत यावं.

रागावलीस तरी तोडू नकोस.

इसामू

ओतारू, १४ नोव्हेंबर

चि. इसामूस, आशीर्वाद.

नको.

मेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही. ते आठ वर्षांपूर्वी गेले, त्यांना बोलावून तीन वकिलांपुढे बसवू नकोस. नोगामीचं वाईट वाटतं, पण तो जिवंत आहे, तरणा आहे, दुसरं काम शोधेल. यांना आता दुसरं नाव मिळायचं नाही.

रिहोचा निबंध शाळेने वाचनासाठी निवडला आहे. आठ डिसेंबरला पालकांसमोर वाचायचा आहे. यापुढे काही लिहीत नाही.

कायोको

हारिमा, २३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. शिक्का मी स्वतः दिला, एवढं सांगितलं. खणात विसरलो हे मात्र माझ्याने म्हणवलं नाही. त्याआधीचं विचारलं तेव्हा गप्प बसलो. प्रश्न असा होता की तुमच्या काळात असं काही घडणं शक्य होतं का. विचारणारा वकील जेमतेम तिशीचा, फार अदबीने बोलत होता. माझ्या गप्प बसण्याचा त्याने अर्थ लावला की प्रश्नच मला अपमानास्पद वाटला, आणि माफी मागितली. ताई, त्याने माफी मागितली.

बाहेर नोगामी बाकावर बसला होता, त्याची पाळी माझ्यानंतर. मला पाहून उठला आणि पूर्वी रोज सकाळी वाकायचा तसाच वाकला. माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, म्हणाला. साहेबांच्या बारा सेकंदांपेक्षा ते जड गेलं.

कारखाना सोडल्यापासून दुकानात सुऱ्यांना धार लावतो, ते काम बरं चाललंय. पण परवा एका बाईंची सुरी दोनदा परत आली. इतक्या वर्षांत असं प्रथम झालं.

तुझं ऐकलं आहे. समाधान झालं असं मात्र माझ्याकडून लिहून घेऊ नकोस. लोभ तुझ्याकडे जमा आहे, तो काढून घेऊ नये.

इसामू

ओतारू, १० डिसेंबर

चि. इसामूस,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद. मागच्या वेळी राहिलेलेही यात धर.

परवा रिहोने निबंध वाचला. फार छान वाचला. शेवटचं वाक्य असं होतं की आजोबांच्या काळी जपानी माणूस चुकत नसे, म्हणून जगाचा आपल्यावर विश्वास होता. टाळ्या वाजल्या. जावईबापूंनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसले होते.

ते चुकत, रे. मी त्यांची बायको, मला ठाऊक नाही तर कोणाला?

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साली हे महिन्यातल्या एका रविवारी मासे धरायला जायचे आणि मासा कधी आणायचे नाहीत. मी ठरवूनच टाकलं की ओकायामाला कोणी बाई ठेवली आहे. एका रविवारी मिहोकोला शेजारी सोडलं आणि यांच्यामागे गेले. हे ओकायामाच्या गाडीत बसले, डब्याच्या अगदी टोकाला, चाकांच्या वर. मी पुढच्या डब्यातून काचेतून बघत होते. ओकायामाला उतरले नाहीत. त्याच डब्यातून परत आले, मांडीवर वही, हात बाकावर सपाट ठेवलेला. घरी येऊन मी भांडायला उभी राहिले तर खाली मान घालून सगळं सांगितलं. नव्या स्प्रिंगांचे डबे धावायला लागले की ते आधी स्वतः जाऊन येत. म्हणाले, "इसामू माझ्याहून चोख तपासतो. पण नाव माझं लागलंय, तर आधी मी बसायला हवं."

म्हणजे शिक्क्याचं मला तेव्हापासून माहीत होतं. तुझं पत्र वाचून मी दचकले नाही. उघड होईल म्हणून घाबरले, एवढंच.

शाळेतून आल्यावर हे सगळं मी रिहोला सांगितलं. तिने विचारलं, मग आजोबांनी कारखान्यात सांगून का नाही टाकलं? अकरा वर्षांच्या मुलीपुढे मी शेगडी पुसत बसले.

तू जा आणि समितीला सांग. नाव माझ्या नवऱ्याचं आहे, परवानगी मी देते. मात्र रविवारच्या फेऱ्यांचंही लिहून दे, अर्धं सांगू नकोस.

जावईबापूंना अजून बोलले नाही. मानपत्र भिंतीवरच राहू देणार आहे. ते खोटं नाही.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस.

तुझी ताई
कायोको

हारिमा, ४ मार्च २०१८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत डबा पाठवला आहे. यंदाही इकानागो, आपली ती वसंतातली बारीक मासळी, फारशी आली नाही. होड्या जातात आणि रिकाम्या येतात. दोन तास दहा मिनिटं रांगेत उभा राहिलो तेव्हा एक किलो मिळाली. सोया, साखर, आलं घालून लगेच आटवली. निम्मी तुला. रांगेतही चर्चा तीच, की आता समुद्रसुद्धा पूर्वीचा राहिला नाही.

डिसेंबरात डायरी घेऊन समितीपुढे गेलो होतो ते फोनवर सांगितलंच. बुधवारी अहवाल आला. पान एकसष्ट, परिच्छेद तिसरा: ही पद्धत किमान १९८८ पासून रूढ होती. दाजींचं आणि माझं नाव आहे. रविवारच्या फेऱ्या नाहीत. मी फोन करून कारण विचारलं, तर पुरावा नाही म्हणाले. प्रत्यक्ष पाहणारी बायको हयात आहे असं कळवलं आहे. उत्तराची वाट पाहतोय. टीव्हीवरचे जे तज्ज्ञ देश घसरला म्हणत होते, तेच आता म्हणतात की देश कधी वर चढलाच नव्हता. आवाज तोच, टायही तोच.

नोगामीची नोकरी राहिली. सहा महिने पॅकिंग विभागात, आणि कारखाना त्याला जूनमध्ये परीक्षेला बसवणार आहे. रविवारी माझ्याकडे अभ्यासाला येतो. धातूशास्त्रात कच्चा आहे, मी सोडत नाही. कारखान्याने माझं पंचवीस वर्षांच्या सेवेचं मानपत्र परत मागवलं. काच पुसून पाठवून दिलं. दाजींचं मागवलं तर देऊ नकोस, मयत माणसाचं मागण्याचा नियम नाही. मी वाचून खात्री केली आहे.

न्हाणीघरात तीन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. मी टाकीत उतरलो की बाकीचे उठत. शेजारच्या नळावर कोणी बसत नसे. सोसायचं ठरवलं होतं, सोसलं.

काल संध्याकाळी आत मी आणि हामादा दोघंच. ते आपले नेहमी बसतात तिथून उठले आणि माझ्या शेजारच्या नळावर येऊन बसले. बराच वेळ साबण लावत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सदुसष्ट साली माझ्याकडे ओकुदांचा होता."

ओकुदा म्हणजे ज्यांच्या नावाची ढाल कारखान्यात दरवर्षी उत्तम निरीक्षकाला देतात ते. मला दोनदा मिळाली, हामादांना चारदा.

त्यांनी विचारलं, तू किती महिने वापरलास. मी म्हटलं, पंचवीस. ते म्हणाले, मी चार वर्षं. मग स्टूल फिरवून माझ्याकडे पाठ केली आणि फडकं मागे धरलं.

मी पाठ चोळून दिली. ऐंशीचा माणूस, हाडं हाताला लागतात. बेताने चोळावी लागते.

डबा पोचल्याचं कळव. मासळी बरोबर पाचशे ग्रॅम आहे, तोलायची गरज नाही. रिहोला गोड पापा. तुझी माया असू दे, मला ती अजून पुरत नाही.

तुझा
इसामू