बेचक्यांतली मेंदी

बाबा,

आज तुमचे जावई बगीच्यातून आले आणि दारातच बसून पायांची बोटं फाकवून पाहू लागले. चिखल्या. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी मलम दिलंय, पाय कोरडे ठेवायला बजावलंय, आणि यांचे पाय आपले पुन्हा ओल्या बुटांत. मी बोलायचं ते बोलले, मग मलम लावून दिलं. लावता लावता तुम्ही इतके आठवलात की चहा चुलीवर उतू गेला.

तुमच्या वेळी मलम कुठलं. हिवाळ्यात ओलित सुरू झालं की तुम्ही दिवसभर अनवाणी, संत्र्याच्या आळ्यांत पाणी फिरवत. संध्याकाळी बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या, सोललेल्या. मग आई पाट्यावर मेंदी वाटायची. अजून दिसतं मला: तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलाय, पाय पाटावर, आई एकेका बेचकीत मेंदी भरतेय आणि तुमचा सगळा जीव दाराकडे. "कोणी आलं तं बाबा झोपले म्हणजो," असं मला शिकवून ठेवलेलं. सकाळी तुमची बोटं नव्या नवरीसारखी लाल. आम्ही हसलो की तुम्हीही हसायचात, पण गावात जाताना जोडा घालायचात.

मला पाहायला सौसरचे पाहुणे आले, तेव्हा मात्र तुम्ही जोडा दाराशी काढून बैठकीत बसलात आणि त्यांनी ती बोटं पाहिली. चार दिवसांनी मध्यस्थानं निरोप आणला, पोरीच्या बापाच्या पायाला काही रोग आहे म्हणतात, घरात पसरलेला असेल. तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत. मला नकाराचं फारसं वाटलं नव्हतं. तुम्ही माझ्या नजरेला नजर देत नव्हता, त्याचं वाटलं.

पुढे तिगावकडचे पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही आईला सांगितलंत की मी बगीच्यातच राहतो, काकाला बसव. आई म्हणाली, बाप जिवंत असताना काका कशाला? मग काकाचे लोकरीचे मोजे चढवून तुम्ही बसलात. पोहे द्यायला मी आले तेव्हा एका पायानं दुसरा पाय घासत होतात. मेंदी आदल्याच दिवशी धुतलेली, आत सगळं खाजत असणार. मुलाचे वडील बराच वेळ तुमच्या पायांकडे पाहत होते. आईचा पडद्याआडचा श्वास मला ऐकू येत होता. आता हेही उठतील, असंच वाटलं मला.

"पाव्हणे, पाय खाजून राहिले काय?" त्यांनी विचारलं.

तुम्ही नाही नाही म्हणालात. ते खाली वाकले आणि त्यांनी स्वतःचेच मोजे काढले. बेचक्यांत मेंदी, तुमच्यापेक्षा गडद.

"आमच्या घरची रोज लावून देते. ओलितात उभं राहून राहिलो आपण, होनारच. काढा ते मोजे, हवा लागू द्या."

तुम्ही मोजे काढलेत. लाजत, पण काढलेत. मग कुणाला मुलगी पाहायची आठवण राहिली? पाण्याची पाळी, संत्र्याचा भाव, मेंदीत काथ घालावा की नाही, हेच चाललं. मी रिकाम्या ताटल्या घेऊन उभीच, आणि समोर चटईवर तुमचे दोघांचे लाल पाय. कितीतरी दिवसांनी तुम्ही मोकळे हसत होता.

ते गेल्यावर तुम्ही मला विहिरीजवळ गाठलंत. "पोरगा पसंत हाय ना? मनातलं सांग मले." मी मान डोलावली. तुम्ही डोळे पुसून पाणी पाहायला निघून गेलात.

हे पत्र कुठे धाडणार? घडी घालून मेंदीच्या डब्याखाली ठेवते. मलमानं यांना आराम पडतोय, तरी उद्या थोडी मेंदीही वाटीन, माझ्या हौसेपुरती.

आणि एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी मुलाकडे पाहिलंच नव्हतं. तो कुठे बसला होता, तेही मला आठवत नाही. मी मनात होकार दिला तो त्याच्या वडिलांनी मोजे काढले तेव्हाच. यांना हे अजून कळू दिलेलं नाही.