मागच्या दारांवरचे आकडे

४ मार्च

आज पुन्हा! नऊ पॅनेलच्या रांगेतला तीन नंबरचा ब्रेकर बाहेर ओढला, कुलपं लावली, कामाच्या परमिटवर माझी सही झाली — आणि दादा विचारतो, "कितवं पॅनेल गं?" सांगितलं, तीन. त्याने वीज तपासायची टेस्टरची काठी आधी चालू पॅनेलवर लावून बघितली, मग तीनवर, मग पुन्हा चालूवर. बरं, मागे केबलच्या बाजूला गेलो, तर तिथेही, "कितवं गं?"

"अरे तीन! किती वेळा सांगू!" चार माणसांसमोर ओरडले. सख्ख्या मोठ्या भावावर. हे काम मला शिकवलं त्यानेच. "मागे आलं की डावं-उजवं बदलतं, चिमणे. परत मोजावं," एवढंच म्हणाला आणि परत काठी लावली.

अकरा हजार व्होल्टची खोली आहे. तिथे विसरभोळेपणा परवडत नाही.

६ मार्च

दादा वहिनीला दवाखान्यात सोडून एकटाच घरी आला. "वहिनी कुठाय?" तर म्हणे, "घरात नाही का?" वहिनी रिक्षाने परत आली तेव्हा आम्ही खूप हसलो. हसता हसता वहिनी रडायलाच लागली. "वन्सं, यांना काहीतरी होतंय हो."

मला कळत नाही होय? मी तर रोज बघतेय.

११ मार्च

रंगाऱ्यांनी पॅनेलची मागची दारं रंगवली. नंबरांच्या पाट्या काढल्यात, नव्या यायच्यात. तर दादाने खडूने नऊच्या नऊ दारांवर हातभर आकडे काढून ठेवले! डावीकडून नऊ, आठ, सात... बरोबरच आहेत, पुढचं पहिलं ते मागचं शेवटचं. पण अक्षर वेडंवाकडं, नव्या रंगावर खडूची बोटं उमटलेली. उद्या मोठे साहेब येणार. म्हणतील, बालवाडी उघडलीय का?

सगळे गेल्यावर मीच पुसले. माझ्या जुन्या निळ्या ओढणीचा फडका ओला करून.

१२ मार्च

सकाळी आकडे परत! साहेब यायच्या आधी घाईघाईने परत पुसले. दादा खडू खिशात घालून कामाला लागला. त्याला आठवत तरी असेल का, कोण जाणे.

१४ मार्च

साहेबांना लिहून दिलं. "सदर फिटर यांची स्मरणशक्ती..." स्वतःच्या भावाबद्दल. नियमाने हेच बरोबर. मग तीनदा खोडून का लिहिलं?

डॉक्टरांनी तपासलं. आजपासून दादा स्टोअरमध्ये. गळ्यातली किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. आपल्या कुलपाची किल्ली कुणाला द्यायची नाही, बायकोलासुद्धा नाही, हे त्याचंच वाक्य. "बरं केलंस," म्हणाला. "पण आता तुला कोण विचारणार, कितवं म्हणून?"

मला त्याचा राग आला. खरंच आला.

२२ मार्च

नवा फिटर चटपटीत आहे. एकदा सांगितलं की झालं. कामं निम्म्या वेळात होतात. सुटले बाई!

२७ मार्च

भुवया जळल्या, कानात शिट्टी वाजतेय. मला एवढंच झालं.

नव्या फिटरचं सगळं अंग भाजलंय.

२८ मार्च

गेला. पहाटे.

लिहूनच काढते. परमिट तीनचं होतं. पुढून आम्ही तपासलं, तीन बंदच होतं. मागे गेलो. दारं सगळी सारखी, राखाडी, कोरी; नव्या पाट्या अजून आल्याच नव्हत्या. मी डावीकडून मोजलं — एक, दोन, तीन. म्हटलं, "हे." तो म्हणाला, "पुढे तपासलंय ना मॅडम, मागे परत कशाला?" मी म्हटलं, "उघडा."

मागून डावीकडचं तिसरं म्हणजे सात. सात चालू होतं.

शाळेच्या पोराला कळेल एवढी गोष्ट. वीस वर्षं नोकरी केली मी! दवाखान्याच्या दारात त्याच्या बायकोने विचारलं, "तुम्हीच होतात ना बरोबर?" मी हो म्हटलं. दुसरं काय करणार?

२ एप्रिल

चौकशी. दार कुणी दाखवलं ते मी सांगितलं, लपवलं नाही. "घाईत उलटं मोजलं." मग कुणीतरी म्हणालं, "पण मागे खडूचे आकडे होते ना? ते कुणी पुसले?"

चूक वेगळी, आणि हे वेगळं. नवे रंगवलेले दरवाजे चांगले दिसावेत म्हणून पुसले — हे तोंडातून निघेना. चौकशीवाले म्हणाले, उद्या तुमच्या भावाला बोलवा.

३ एप्रिल

दादा उभा राहिला आणि म्हणाला, "मीच लिहिले, मीच पुसले असतील. हल्ली विसरतो मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आजारी माणूस! पुढे कुणी काही विचारलंच नाही. बाहेर दोघं जण बोलताना ऐकलं, "म्हाताऱ्याने पोराचा जीव घेतला." दादानेही ऐकलं.

त्याला खरंच तसं वाटतंय, बिचाऱ्याला. आणि मला — लाज वाटते लिहायला — हायसं वाटलं.

४ एप्रिल

सकाळी चहाच्या कपाशेजारी दादाने एक घडी आणून ठेवली. निळा फडका. धुतलेला. "पॅनेलच्या मागे राहिला होता तुझा," म्हणाला. "साहेब यायच्या आत उचलला त्या दिवशी. म्हटलं, तुला बोलणी नकोत."

सगळं लक्षात आहे त्याच्या.

चौकशीवाले नऊला बसतात. फडका पिशवीत घातलाय. चपला घालून निघाले होते, एवढं लिहायला परत बसले. दादाने अडवलं नाही. दारातून म्हणाला, "कितवी खोली ते परत विचारून घे गं."