मीनढोड्याची पाटी

प्रिय धर्मेंद्र,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण जुनी सवय जात नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आठ वर्षं तुझा राग मी राखेखालच्या निखाऱ्यासारखा जपला आहे.

आठवतं? जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि उरलेल्या भंडाऱ्यावर पुस्तक लिहायचं म्हणून तू टेपरेकॉर्डर घेऊन चिखल्याच्या बसने आमच्याकडे यायचास. पुस्तकासाठी की माझ्यासाठी, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या आईने, सत्यभामाबाईने, तुला नदीवर नेलं. आषाढात पूर आला की चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन प्रवाहाच्या उलट वर येतात. पहिल्या दिवशी आमच्यात कोणी जाळं लावत नाही. आई ओंजळभर तांदूळ पाण्यात सोडायची आणि नदीला नावाने हाक मारायची. मीनढोडा. आमच्या गोंडीत मीन म्हणजे मासा, ढोडा म्हणजे ओढा. तूही तिच्यामागे हाक मारलीस, चुकलास, तिने तीनदा म्हणवून घेतलं. हे सगळं टेप झालेली कॅसेट तू आमच्याच घरी विसरलास.

पुस्तकात मात्र तू लिहिलंस, कोणी मीनाक्षी राणी आंघोळीला आली आणि तिच्यावरून नदीचं नाव पडलं. प्रकाशनाला आई नवं लुगडं नेसून भंडाऱ्याला आली होती. मागच्या रांगेत बसून तिने मला दोनदा विचारलं, "पोरी, माहं नाव कवा घेईन तो?" तू घेतलं नाहीस. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. पुढे तुझ्याच पुस्तकाचा दाखला देऊन घाटावर राणीचं देऊळ झालं, तिथे मासे धरायचे नाहीत म्हणून आमच्या लोकांची जाळी उचलून नेली. आई हे सगळं मनात घेऊनच गेली. याची माफी तुला माझ्याकडून मिळणार नाही.

आता मी सरपंच आहे. नदीच्या पाटीचं अनावरण तुझ्या हस्ते ठेवलं आणि पत्रिका मीच पाठवली. तू लगेच हो म्हणालास. सत्काराला नाही म्हणणारा तू नव्हेसच. हे पत्र माझा भाऊ कुलदीप तुझ्या हाती देईल, तेव्हा तू हार घालून मंचावर बसलेला असशील. समोर सगळं गाव असेल, भंडाऱ्याचे तुझे मित्रही. कापडाखाली ग्रामसभेने ठरवलेलं नाव आहे, मीनढोडा, आणि ते सांगणारीचं नाव. दोरी ओढलीस की भोंग्यावर कॅसेट लागेल. तुझाच आवाज, तीनदा. मग माइक तुझ्याकडे येईल. ऊठ आता, आणि माझ्या आईचं नाव घे.

एके काळी तुझीच,
करुणा