वजाबाकीची यादी

सोमवार, ३ जून

नोकरी लागली एकदाची! प्रयोगशाळा लहानशी आहे: मी, मोठ्या बाई आणि एक यंत्र. कोंबड्यांच्या घशातले नमुने येतात आणि त्यांतल्या विषाणूंच्या जनुकांची अक्षरं यंत्र वाचतं. इथली एक पद्धत गमतीची आहे. दर सोमवारी आपल्याही घशाचा नमुना द्यायचा. त्यात जे सापडेल ते संगणक सगळ्या निकालांतून वजा करतो. आपली घाण कोंबडीच्या माथी नको, म्हणून. या यादीत माझ्या आधीच्या माणसाचं नाव अजून आहे. त्याचा आवाज बसलाय, रजेवर आहे म्हणे. त्याचा झाकणाचा कप खणात पडून होता, तो घासूनपुसून घरी आणला. लेकीने लगेच बळकावला. सहा वर्षांची आहे, पण तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. आम्ही तिला टकळीच म्हणतो.

मंगळवार, ११ जून

तो माणूस गेला. बाई म्हणाल्या, आधी आवाज गेला, मग श्वास. त्याचं नाव यादीतून काढलं आणि आजचे निकाल बघून चक्रावलेच. साठच्या साठ कोंबड्यांत चाळीस अक्षरांचा एकच तुकडा, तोही एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या तीन विषाणूंत. बिऱ्हाड बदलावं तसा एकातून दुसऱ्यात जातोय. जुने निकाल पुन्हा लावून पाहिले. वर्षभर होता तो. त्या माणसाच्या घशातही होता, म्हणून संगणक मुकाट वजा करत राहिला.

गुरुवार, १३ जून

पोल्ट्रीवाल्याला फोन केला. म्हणाला, कोंबड्या खातायत-पितायत, पण आठवडा झाला, एकही ओरडत नाही. मला एकदम कप आठवला. घरी जाऊन फोडून टाकला. टकळी रुसली. रुसली म्हणूनच गप्प आहे ना?

सोमवार, १७ जून

माझा नमुना दिला, टकळीचाही लावला. माझा घसा खवखवतोय. धूळ असेल.

मंगळवार, १८ जून

टकळी साफ! जीव भांड्यात पडला. कोंबड्याही सगळ्या साफ. धावत जाऊन बाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली.

बुधवार, १९ जून

पोल्ट्रीवाला म्हणतो, कोंबड्या अजून मुक्याच. मग साफ कशा?

यादी—

यादीत मी आहे. सोमवारचा माझा घसा—

दोन्ही नावं काढली, माझं आणि बाईंचं. कोंबड्या साठच्या साठ. टकळीचा निकाल पुन्हा लावलाय. तिला सोबतच आणलंय, बाकावर पाठमोरी बसलीय.

निकाल येतोय. नको. आधी तिला जवळ घेते. हाक मारली, तिने वळून पाहिलंच नाही. पुन्हा मारली, जोरात. मला माझीच हाक ऐकू आली नाही—